फिलिपिनो साहित्य वाचायला घेताय? सुरुवात कुठून करायची आणि पुढं कसं जायचं

फिलिपिन्सचं साहित्य वाचायचं मनावर घेतलं की बहुतेक जण साहित्याचा इतिहास उघडतात. पहिल्या प्रकरणात स्पॅनिशपूर्व काळ येतो, त्यात लोकगीतांची आणि महाकाव्यांची नावंच नावं येतात, आणि वाचक तिथंच गळतो. माझं सांगणं असं की हा इतिहास मधूनच सुरू करावा, १८८७ सालच्या एका कादंबरीपासून. तिच्यात जीव गुंतला की मागं काय होतं आणि पुढं काय झालं याची ओढ आपोआप लागते.

आणि प्रत्येक पुस्तक हातात घेताना एक प्रश्न सोबत ठेवा: हे कुठल्या भाषेत लिहिलं गेलं, आणि ती भाषा वाचणारं तेव्हा कोण होतं? तिथल्या चळवळी, वाद, साहित्यप्रकार, सगळ्यांच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

पायरी १: आधी भाषांचा पसारा समजून घ्या

सात हजारांहून जास्त बेटं आणि दीडशेहून जास्त भाषा असा हा देश आहे. तागालोग ही मनिला आणि आसपासच्या मुलखाची भाषा. तिच्यावर बेतलेली 'फिलिपिनो' ही आज राष्ट्रभाषा आहे, आणि इंग्रजी तिच्या जोडीनं राजभाषा. याशिवाय सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, बिकोल, वाराय अशा भाषांना आपापलं साहित्य आहे, आपापले कवी आहेत.

वर राज्यकर्त्यांच्या भाषा. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेन, मग १९४६ पर्यंत अमेरिका, मधे तीनेक वर्षं जपान. अमेरिकनांनी शाळा इंग्रजीत सुरू केल्या आणि दोन पिढ्यांत स्पॅनिश मागं पडली. आजोबांच्या कपाटातली पुस्तकं नातवाला वाचता येत नाहीत, असं शिकल्यासवरल्या घरांत घडलं. म्हणून 'फिलिपिनो साहित्य' या नावाखाली केवळ इंग्रजी पुस्तकांची यादी कुणी दिली, तर ती अर्धीमुर्धी आहे हे ओळखा.

पायरी २: रिझालपासून सुरुवात करा

होसे रिझाल हा डोळ्यांचा डॉक्टर. माद्रिदला शिकलेला. 'नोली मे तांगेरे' ही त्याची कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली. छपाईचे पैसे माक्सिमो विओला या मित्रानं दिले. युरोपात शिकून गावी परतलेला क्रिसोस्तोमो इबारा, त्याची वाग्दत्त वधू मारिया क्लारा, आणि गावावर पोलादी पकड ठेवणारे स्पॅनिश पाद्री अशी तिची मांडणी.

पहिली काही प्रकरणं सावकाश वाचा. मनिलातल्या एका बड्या घरी मेजवानी आहे. ताटल्यांत 'तिनोला' वाढला जातो, म्हणजे भोपळा घातलेला कोंबडीचा पातळ रस्सा. इबाराच्या वाट्याला कोंबडीचे चांगले भाग येतात. पाद्री दामासोच्या ताटलीत येतो भोपळा, भरपूर रस्सा, कोंबडीची मान आणि चिवट पंख. पाद्रीबाबा भोपळा चेचतात, दोन घोट घेतात, चमचा आपटतात आणि ताटली पुढं ढकलतात. कोण कुणावर सत्ता गाजवतं आणि त्या सत्तेला कुठं ठेच लागली, हे रिझाल एका वाढणीतून दाखवतो. पुढं सिसा नावाच्या गरीब आईची प्रकरणं येतील. तिची दोन लहान मुलं चर्चमध्ये घंटा वाजवायचं काम करतात आणि धाकट्यावर चोरीचा आळ येतो. ती प्रकरणं वाचून तुम्ही हललात, तर समजा की हे साहित्य तुम्हाला धरून ठेवणार.

दुसरी कादंबरी 'एल फिलिबुस्तेरिस्मो', १८९१, बेल्जियममधल्या घेंट शहरात छापलेली. १८७२ मध्ये स्पॅनिश सरकारनं तीन देशी पाद्र्यांना गळफास यंत्रानं मारलं होतं. ही कादंबरी त्यांना अर्पण केली आहे. ती काळी, कडवट आहे, आणि पात्रं पहिलीतलीच असल्यानं क्रम बदलू नका. मला स्वतःला दुसरी जास्त थोर वाटते, पण तिचं वजन पहिली वाचल्याशिवाय कळत नाही.

३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझालला गोळ्या घालून मारलं. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. तुरुंगात लिहिलेली शेवटची कविता त्यानं स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती दिली. तिला शीर्षक नव्हतं. आज ती 'मि उल्तिमो आदिओस', म्हणजे 'माझा अखेरचा निरोप' या नावानं ओळखली जाते.

आता आपला प्रश्न विचारा. या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत, आणि फिलिपिन्समध्ये स्पॅनिश वाचणारे मूठभर होते. रिझाल आणि त्याचे साथी युरोपातल्या वाचकांशी आणि आपल्याच सुशिक्षित वर्गाशी बोलत होते. यालाच तिथं प्रचार चळवळ म्हणतात. 'ला सोलिदारिदाद' हे तिचं पाक्षिक १८८९ ते १८९५ या काळात स्पेनमधून निघायचं. मागण्या होत्या सुधारणांच्या: स्पॅनिश संसदेत प्रतिनिधी हवेत, कायद्यापुढं समानता हवी. १८९२ मध्ये आन्द्रेस बोनिफासियोनं 'कातिपुनान' ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभारली, तेव्हा तिच्या कविता आणि जाहीरनामे तागालोगमध्ये लिहिले गेले. कारण लढायला उतरणार होते ते मनिलाचे कामगार आणि आसपासचे शेतकरी. भाषा बदलली तिथं मागणीही बदलली.

पेद्रो पातेर्नोची 'निनाय' (१८८५) ही फिलिपिनो माणसानं लिहिलेली पहिली कादंबरी मानतात. इतिहासासाठी नाव लक्षात ठेवा; वाचायची घाई करू नका.

पायरी ३: आता मागं वळा

इथं मराठी वाचकाला एक सुखद धक्का आहे. १९८९ मध्ये मनिलाजवळच्या लागुना भागात वाळू उपसताना एक तांब्याचा पत्रा सापडला. देशातला हा सर्वांत जुना तारखेचा लेख. लिपी कावी, म्हणजे जावा बेटाकडची जुनी लिपी, भाषा जुनी मलय, आणि सुरुवात 'स्वस्ति', पुढं शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगावर आजही जो शक छापतात तोच. मजकूर आहे एका कुटुंबाला सोन्याच्या कर्जातून मुक्त केल्याचा. साहित्य म्हणून त्यात काही नाही, पण स्पॅनिश गलबतं येण्याच्या साडेसहाशे वर्षं आधी ही बेटं कुठल्या जगाशी बोलत होती हे त्यातून दिसतं.

मौखिक परंपरेत उतरताना सगळं वाचायचा हट्ट धरू नका. तीन-चार गोष्टी निवडा.

'बियाग नि लाम-आंग' हे इलोकानो महाकाव्य सर्वांत सोपं आणि मजेदार. नायक जन्मताच बोलू लागतो आणि आपलं नाव आपणच सांगतो. बापाचा सूड घेऊन परतल्यावर तो नदीत आंघोळ करतो, तर अंगावरच्या मळानं नदीतले मासे मरतात. त्याच्याजवळ जादूचा कोंबडा आहे, कुत्रा आहे, आणि शेवटी तेच त्याच्या कामी येतात.

इफुगाओ लोकांचा 'हुधुद' हा गाण्याचा प्रकार लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरी भातखाचरांत गायला जातो, मुख्यतः बायकांकडून, पेरणी-कापणीच्या वेळी आणि मयताच्या जागरणात. पूर्ण गायला कित्येक दिवस लागतात. मिंदानाओ बेटावरच्या मारानाओ लोकांचं 'दारांगेन' तसंच प्रचंड. दोन्ही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. यांचे निवडक भागच वाचा, आणि जमलं तर ध्वनिमुद्रण ऐका. कागदावर त्यांचा प्राण अर्धा उरतो.

मारानाओंचीच 'महारादिया लावाना' ही कथा मात्र चुकवू नका. लावाना म्हणजे रावण. रामाच्या जागी रादिया मांगान्दिरी आहे, आणि इथं 'लाक्सामाना' हे नाव माकडाचं आहे. मुसलमान समाजात जपली गेलेली ही रामकथा हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकानं १९६०च्या दशकात उजेडात आणली. छोटी आहे, एका बैठकीत होते.

लहान प्रकारांत 'बुगतोंग' म्हणजे कोडी, 'सालाविकाइन' म्हणजे म्हणी, आणि 'तानागा': चार ओळी, प्रत्येकीत सात अक्षरं, चारही ओळींचं एकच यमक. मिंदोरो बेटावरचे हानुनुओ मांग्यान लोक सात अक्षरांच्या ओळींचे 'आंबाहान' बांबूवर चाकूनं कोरत आले आहेत, आपल्या जुन्या लिपीत. ती लिपी ब्राह्मीच्याच कुळातली आहे.

पायरी ४: स्पॅनिश काळातलं पद्य कानानं वाचा

१५९३ मध्ये मनिलात 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' छापलं गेलं, स्पॅनिश आणि तागालोगमध्ये, तागालोग मजकूर देशी बायबायिन लिपीतही. पुढची दोन-अडीचशे वर्षं छापखाने मिशनऱ्यांच्या हाती राहिले, म्हणून साहित्यही धार्मिक. त्यातलं 'पास्योन' महत्त्वाचं: येशूच्या यातनांची पद्यकथा, पाच-पाच ओळींच्या कडव्यांत. गास्पार आकिनो दे बेलेन यांचं पास्योन १७०४ चं. पवित्र आठवड्यात गावोगावी माणसं आळीपाळीनं ते अखंड गातात. आपल्याकडच्या ग्रंथपारायणाची आठवण व्हावी असं ते दृश्य असतं. रेनाल्दो इलेतो या इतिहासकारानं १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की छळ, मरण आणि पुनरुत्थानाच्या या कथेतूनच गरीब शेतकऱ्यांना बंडाची भाषा मिळाली. मिशनऱ्यांनी भक्तीसाठी दिलेलं काव्य लोकांनी आपल्या कामाला लावलं, हे मला या साऱ्या इतिहासातलं फार मोलाचं वळण वाटतं.

लौकिक कथाकाव्याचे दोन प्रकार: ओळीत बारा अक्षरांचं 'आवित' आणि आठ अक्षरांचं 'कोरिदो'. कोरिदोचा नमुना म्हणून 'इबोंग आदार्ना' घ्या. राजा आजारी, त्याला बरा करील तो एका पक्ष्याचा आवाज. पक्षी सात गाणी गातो, ऐकणारा झोपतो, आणि मग पक्ष्याची विष्ठा अंगावर पडून दगड होतो. धाकटा राजपुत्र हुआन झोप येऊ नये म्हणून वस्तऱ्यानं हात चिरतो आणि जखमेवर लिंबू पिळतो.

आवितचा कळस म्हणजे फ्रान्सिस्को बालागतास यांचं 'फ्लोरान्ते आत लाउरा' (१८३८). ३९९ कडवी, ओळीत बारा अक्षरं, सहाव्यावर यती. कथा घडते अल्बानियात, जंगलात झाडाला बांधलेल्या ख्रिस्ती सरदाराच्या विलापानं सुरू होते, आणि त्याला सोडवतो पर्शियाचा मुसलमान राजपुत्र. ज्या काळात रंगमंचावर ख्रिस्ती आणि मूर यांच्या लढाया रंगवून मुसलमानांना हमखास खलनायक करत, त्या काळात हे लिहिलं गेलं. भाषांतरात हे काव्य थोडं अवजड वाटेल. तागालोग मूळ मजकूर समोर ठेवून दोन कडवी मोठ्यानं म्हणा. अर्थ कळला नाही तरी ठेका कळतो.

पायरी ५: इंग्रजीचा प्रवेश, आणि शेजारी वाढणारं तागालोग

१९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक आले. त्याच वर्षी राजद्रोहाचा कायदाही आला. म्हणून या दशकाकडे दोन्ही बाजूंनी पाहा. एकीकडे इंग्रजीच्या शाळा, दुसरीकडे आउरेलियो तोलेन्तिनो यांचं 'काहापोन, न्गायोन आत बुकास' (काल, आज आणि उद्या) हे १९०३ चं नाटक, ज्यापायी त्यांना तुरुंगात जावं लागलं. याच सुमारास संगीत नाटकाचा 'सार्सवेला' हा प्रकार बहरला. सेवेरिनो रेयेस यांचं 'वालांग सुगात' १९०२ चं. लोपे के. सान्तोस यांच्या 'बानाआग आत सिकात' (१९०६) या कादंबरीत समाजवादाची चर्चा आली. १९२२ मध्ये 'लिवायवाय' साप्ताहिक सुरू झालं आणि तागालोग कथा-कादंबरीला घराघरांत वाचक मिळाला.

मग आलं 'बालागतासान'. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात दोन कवी व्यासपीठावर उभे राहिले आणि छंदोबद्ध वाद घातला. एक भुंगा, दुसरा फुलपाखरू, वाद एका फुलावरून, आणि निवाडा करायला 'लाकानदिवा'. होसे कोरासोन दे हेसुस आणि फ्लोरेन्तिनो कोलान्तेस हे ते दोघे. हा प्रकार इतका गाजला की सभागृहं भरू लागली. दे हेसुस तर वर्तमानपत्रात रोजचं सदरही पद्यात लिहायचे.

इंग्रजीत गाठलेली पहिली उंची म्हणजे पास मार्केस बेनितेस यांची 'डेड स्टार्स' (१९२५) ही कथा. शाळा सुरू झाल्यापासून अवघ्या चोवीस वर्षांत! संयत, हुरहुर लावणारी कथा आहे. जालावर सहज मिळते. तिच्यानंतर मानुएल आर्गियाची 'हाऊ माय ब्रदर लिऑन ब्रॉट होम अ वाइफ' वाचा. गावाकडं बैलगाडीतून येणारी नवी सून, वाटेतला अंधार, दिराची नजर. इंग्रजी आहे, पण श्वास इलोकोसच्या मातीचा. १९४४ मध्ये जपान्यांनी आर्गियाला ठार केलं.

पुढचा मोठा वाद आपल्या ओळखीचा आहे: कलेसाठी कला की जीवनासाठी कला. पहिल्या बाजूला होसे गार्सिया विया. याच्या काही कामुक कवितांमुळं विद्यापीठानं १९२९ मध्ये त्याला निलंबित केलं. पुढं न्यूयॉर्कला राहून त्यानं प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम देणाऱ्या कविता लिहिल्या. त्या चार-पाच वाचल्या की पुरे. दुसऱ्या बाजूला साल्वादोर लोपेस, ज्यांच्या 'लिटरेचर अँड सोसायटी' या निबंधसंग्रहाला १९४० मध्ये पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी तागालोगमध्ये आलेहान्द्रो आबादिया यांची 'आको आंग दाइगदिग' (मीच जग) ही मुक्तछंद कविता आली आणि छंदाच्या अभिमान्यांत खळबळ उडाली. तागालोग आधुनिकतेची सुरुवात तिथून मोजतात.

जपानी अमलात इंग्रजी दबली आणि तागालोग कथेला अचानक मोकळं रान मिळालं. १९४३ च्या उत्तम पंचवीस कथांचा संग्रह तेव्हाचाच. त्यातली लिवायवाय आर्सेओ यांची 'उहाव आंग तिगांग ना लुपा' (पडीक जमीन तहानलेली) ही शांत स्वरातली कथा मिळाली तर घ्या.

पायरी ६: युद्धानंतरचे दोन प्रवाह एकत्र वाचा

निक होआकीन इंग्रजीत लिहायचे, पण त्यांचं मन जुन्या स्पॅनिश मनिलात. 'मे डे ईव्ह' ही त्यांची १९४७ ची कथा पहिली वाचा. मध्यरात्री आरशात पाहिलं की भावी नवरा दिसतो, नाहीतर सैतान, या समजुतीवर ती उभी आहे. वाक्यं पान-पानभर वाहतात. घाई केलीत तर दम लागेल. नंतर 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज फिलिपिनो' हे नाटक.

त्यांच्या शेजारी आमादो हेर्नान्देस ठेवा. कामगार पुढारी, तागालोग कवी, १९५१ ते १९५६ तुरुंगात. 'इसांग दिपांग लांगित' म्हणजे वावभर आभाळ: कोठडीच्या खिडकीतून दिसेल तेवढं. एकाच दशकातले हे दोघे, पण वाचक वेगळे, भाषा वेगळ्या, देश पाहण्याची जागा वेगळी. परदेशातली बाजू हवी असेल तर कार्लोस बुलोसान यांचं 'अमेरिका इज इन द हार्ट' (१९४६): अमेरिकेच्या शेतांवर राबलेल्या फिलिपिनो मजुरांची कहाणी.

एफ. सियोनिल होसे यांची पाच कादंबऱ्यांची 'रोसालेस' मालिका जमीनदारी समजायला उत्तम. सुरुवात 'पो-ओन'पासून करा.

पायरी ७: हुकूमशाहीच्या काळात शिरा

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. वर्तमानपत्रं बंद झाली, लेखक पकडले गेले. १९७३ मध्ये एका सरकारधार्जिण्या साप्ताहिकात 'प्रॉमिथियस अनबाउंड' ही इंग्रजी कविता छापून आली. कवीचं नाव टोपण. वरवर ग्रीक पुराणाची गोष्ट. पण ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की मोर्च्यातली घोषणा तयार होत होती: 'मार्कोस हिटलर दिक्तादोर तुता'. तुता म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, धन्यामागं शेपूट हलवणारं. कवी होसे लाकाबा. पुढं ते पकडले गेले, त्यांचा छळ झाला. १९७६ मध्ये निक होआकीन यांना राष्ट्रीय कलावंत हा सन्मान देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी लाकाबांच्या सुटकेची अट घातली, आणि लाकाबा सुटले.

या काळासाठी एकच कादंबरी निवडायची तर लुआल्हाती बाउतिस्ता यांची 'देकादा सेतेन्ता'. आमान्दा ही मध्यमवर्गीय गृहिणी, पाच मुलांची आई. देशात काय चाललंय ते तिला मुलांमार्फत कळत जातं, आणि त्याचबरोबर स्वतःच्या संसारात आपल्याला आवाज नाही हेही. राजकारण आणि स्त्रीचा प्रश्न इथं एकाच स्वयंपाकघरात येतात. भाषा साधी, बोलीतली. तागालोग शिकायचा विचार असेल तर पहिली कादंबरी म्हणून हीच धरा. २००२ च्या चित्रपटात विल्मा सान्तोस यांनी आमान्दा केली आहे. आधी तो पाहिलात तरी चालेल.

पायरी ८: आजचं, आणि पुस्तकं मिळवायची कशी

अलीकडचं भरपूर आहे, थोडक्यात सांगतो. रहस्यकथा आवडत असेल तर एफ. एच. बाताकान यांची 'स्मॉलर अँड स्मॉलर सर्कल्स': कचराडेपोजवळच्या वस्तीतले खून आणि शोध घेणारे दोन जेझुइट पाद्री. कॉमिक्समध्ये 'त्रेसे': लोककथांतली भुतंखेतं आजच्या मनिलात, त्यावर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सची मालिका आली. प्रयोगशील वाचकाला जीना अपोस्तोल यांची 'इन्सरेक्टो' (२०१८), १९०१ च्या बालांगिगा इथल्या कत्तलीभोवती फिरणारी. पण ही शेवटी ठेवा, अमेरिकन काळ माहीत नसेल तर धागे सुटतात.

रिझालच्या दोन्ही कादंबऱ्यांची जुनी इंग्रजी भाषांतरं 'द सोशल कॅन्सर' आणि 'द रेन ऑफ ग्रीड' या नावांनी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहेत. भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे. खर्च परवडत असेल तर पेंग्विनचं हॅरल्ड ऑगनब्राउम यांचं भाषांतर घ्या. विया, बुलोसान आणि होआकीन हेही पेंग्विन क्लासिक्समध्ये आहेत. तागालोग पुस्तकांची इंग्रजी भाषांतरं मनिलातली विद्यापीठ प्रकाशनं काढतात. १९५० पासून दिल्या जाणाऱ्या पालांका पुरस्कारांच्या याद्या नवं नाव शोधायला उपयोगी पडतात.

सर्वांत चांगला स्रोत मात्र माणसं. आखातातली इस्पितळं, मालवाहू जहाजं, अशा ठिकाणी काम करणाऱ्या मराठी माणसांच्या शेजारी फिलिपिनो सहकारी हमखास असतात. १९५६ च्या कायद्यानं रिझालचं वाचन तिथं सक्तीचं आहे. शाळेत साधारणपणे सातवीला 'इबोंग आदार्ना', आठवीला 'फ्लोरान्ते', नववीला 'नोली', दहावीला 'एल फिलि' असा क्रम असतो. जेवणाच्या सुट्टीत सिसाचं नाव काढून बघा. आणि समोरच्याची मातृभाषा इलोकानो असेल तर 'बान्नावाग', सेबुआनो असेल तर 'बिसाया' या नियतकालिकांबद्दल विचारा. दोन्ही १९३०च्या दशकात सुरू झाली, आणि तिथले कितीतरी कथाकार त्यांच्याच पानांतून पुढं आले.